संतांना नेसवायला उरलेली

शनिवार, ११ फेब्रुवारी १९८९

लुस दारी,

वर 'प्रिय' लिहिलं होतं, ते खोडलंय. दुसरा कागद घेतला नाही. खोडलेलं दिसलं तर दिसू दे.

तुझं पुस्तक मी वाचलं. ते तू पाठवलेलं नव्हतं. नाताळच्या पत्रात तू लिहिलंस की बोगोतात थंडी फार आहे, तुझा खोकला बरा आहे आणि 'थोडंसं लिखाण छापून आलंय'. ते थोडंसं लिखाण दोनशे अठरा पानांचं निघालं. औषधाच्या दुकानातल्या फानीने मला ते खाकी कागदात गुंडाळून दिलं. बायकांना ज्या वस्तू ती हळूच देते, त्या अशाच गुंडाळते. म्हणाली, "एर्सिलियाबाई, म्हटलं दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा..." दुकानात तेव्हा चार बायका उभ्या होत्या आणि चौघींनाही अचानक खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या वाचायची गरज पडली.

पुस्तकाचं नाव 'उरलेली'. आणि पहिलं वाक्य: 'तोमासा आत्या संतांना नेसवायला उरली होती.'

लग्न न झालेल्या बाईला आपल्याकडे हेच म्हणतात, चर्चमधल्या संतांच्या मूर्तींना कपडे नेसवायला उरलेली. मला पहिल्यांदा म्हटलं गेलं तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. मासळीच्या घाटावर माझ्या मागे उभ्या असलेल्या दोघी म्हणाल्या, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मी वळून सांगितलं की नेसवायला अक्कल लागते, उरायला लागत नाही, म्हणून तुम्हाला ते काम कुणी देणार नाही. आणि मासे घेऊन घरी आले. बाहेरच्यांनी म्हटलेलं मला लागलं नव्हतं. बाहेरचे माझ्या ताटात जेवत नव्हते. तू सतरा वर्षं जेवलीस.

तोमासाला गालावर तीळ आहे, माझ्यासारखा, डाव्या बाजूला. ती आमच्याच गल्लीत राहते. तिच्या अंगाला कापराचा वास येतो. कापराने जरीचा धागा काळा पडतो, म्हणून मी कपड्यांत तंबाखूची पानं ठेवते. हे तुला माहीत आहे, कारण ती पानं तूच पसरायचीस. तिच्याकडे मांजर आहे. मांजर तू आणलं होतंस, आणि मी ते तीन दिवसांत घाटावर देऊन टाकलं, म्हणून तू जेवली नव्हतीस. ती तार ऑफिसात बसते आणि लोकांच्या तारा वाचून घरोघर सांगते. यावर मी काही लिहीत नाही. मी तीस वर्षं त्या खुर्चीवर बसले. या गावातलं प्रत्येक मरण आधी माझ्या बोटांना कळायचं. त्यातला एक शब्द माझ्या तोंडून बाहेर गेला असेल, तर तो ऐकलेला माणूस माझ्यासमोर उभा कर.

हे सगळं मी गिळलं असतं. पान एकशे बारा गिळता येत नाही.

आपल्या चर्चमधल्या व्याकुळ मातेच्या मूर्तीच्या वस्त्रांच्या खोलीत मंडळाच्या सहा अविवाहित बायकांशिवाय कुणी पाऊल ठेवत नाही. पाद्रीसुद्धा दाराबाहेर थांबतो. कपडे उतरवण्याआधी मातेच्या डोळ्यांवर रुमाल बांधतात, तिला स्वतःला तसं पाहावं लागू नये म्हणून. आत काय असतं हे सहाजणी जाणतात आणि सहाजणी बरोबर घेऊन मरतात. आजवर असंच चाललं. आणि तू छापलंस: 'एक डोकं, दोन हात. बाकी सगळी फळ्यांची चौकट, कोंबड्यांच्या खुराड्यासारखी.' वर आणखी, तोमासा त्या चौकटीला मिठी मारते आणि 'दोन पोकळ बायका एकमेकींना धरून उभ्या राहतात'.

ती चौकट देवदाराची आहे. वाळवी लागली तेव्हा माझ्या आजोबांनी, कशासाठी ते न विचारता, आठही पट्ट्या नव्याने कापून दिल्या होत्या. मी तिला कधी मिठी मारलेली नाही.

तुला तिथे मी नेलं. मंडळाच्या नियमात बसत नव्हतं तरी नेलं. तुझा बाप नदीत गेला होता, तुझी आई माराकायबोला कामाला म्हणून गेली ती गेलीच, आणि आठ-नऊ वर्षांची पोर मी घरात एकटी कुणाच्या भरवशावर टाकणार? तू पितळी बशीत टाचण्या घेऊन उभी राहायचीस. मी तुझ्याकडून शपथ घेतली होती. तू हात छातीवर ठेवून घेतली होतीस.

आणि पान चाळीसवर लिहिलंयस, 'तोमासाला जन्मात कुणी विचारलं नाही.' हे तुला कुणी सांगितलं?

असो. तो या पत्राचा विषय नाही.

उत्तर दे.

एर्सिलिया


सोमवार, २० फेब्रुवारी

लुस दारी,

उत्तर नाही. टपाल बोट दोनदा येऊन गेली.

बोगोताच्या वर्तमानपत्रातलं कात्रण मात्र आलं, फानीच्या भावाकडून. कुणी तरी प्राध्यापकाने लिहिलंय की तू एका जुनाट म्हणण्याला 'नवा अर्थ' दिलास. मी चष्मा पुसून परत वाचलं. मला त्यात नवं काही दिसलं नाही.

शाळेत तुला बक्षीस म्हणून जो मोठा शब्दकोश दिला होता, तो अजून माझ्याकडे आहे. त्यात पाहिलं. 'स्त्रीबद्दल: अविवाहित राहणे.' बस. पुरुषाबद्दल काही नाही. पुरुष लग्नाविना राहिला तर त्याच्याकडे कोणत्या मूर्तीचं काम लागतं हे कोश सांगत नाही. आमच्या वर्गात एकीने मदर कोन्सोलासिओनना हेच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "पुरुष उरत नाहीत, ते निवडतात." आणि पुढचा धडा सुरू केला. त्या स्वतः चाळीस वर्षं काळ्या झग्यात होत्या, त्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं. देवाने मागणी घातलेली चालते.

मी त्या नन्सच्या ग्रंथालयातलं, आणि नंतर हाती लागेल ते सगळं वाचलं आहे. ही बाई मला कुठे भेटली नाही ते विचार. नाटक कंपन्या बोटीने यायच्या तेव्हा दुसऱ्या अंकात ती आत यायची, हातात किल्ल्यांचा जुडगा, आणि एक शब्द बोलायच्या आत लोक हसायचे. मासिकांतल्या कथांमध्ये ती दाराला कान लावते. रेडिओवरच्या मालिकेत ती भाचीचं प्रेमपत्र चुलीत टाकते. कवी तिच्यावर दया करतात, त्यापेक्षा हसणारे परवडले. सगळ्यांकडे ती संतांना नेसवते. पण लुस दारी, इतक्या लेखकांपैकी एकानेही ती नेसवते कशी हे लिहिलेलं नाही. खळ किती दाट लागते. पाठीमागची चुणी आधी का घ्यायची. बाहीत हात घालताना लाकडाची बोटं तुटू नयेत म्हणून आपली बोटं कशी पुढे न्यायची. त्यांना माहीत नव्हतं, कारण त्यांना कुणी आत घेतलं नव्हतं. लिहिणाऱ्यांपैकी एकटी तूच ते पाहिलं होतंस.

खरं सांगते, पान एकशे अकरावर, तोमासा किल्ली फिरवते तिथे, मला वाटलं, आता येणार. आता कुणी तरी लिहिणार. मी पान उलटलं.

खुराडं.

गावात काय चाललंय ते ऐक. परवा मी बिलियर्डच्या दुकानावरून चालले होते. दारातून अदालबेर्तोने हाक मारली, "काय हो एर्सिलियाबाई, कोंबड्या अंडी देतात का?"

मी म्हटलं, "द्यायच्या असतात त्यांना. पण कोंबडा लागतो, आणि या दुकानात मला तो कधी दिसला नाही."

हसले सगळे. मी मान ताठ ठेवून पुढे गेले. कोपऱ्यावर गेल्यावर मला पायरीवर बसावं लागलं.

ते एक सोड. काल आंधळी युलोहियाबाई घरी आली, नातीचा हात धरून. गुळाचं पाणी घेतलं, इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, "बाई, एक विचारू? लोक म्हणतात तिला पायच नाहीत. मी पन्नास वर्षं तिच्या पायाशी बसून मागते आहे. मग मी कुठे बसत होते?"

मी खोटं बोलत नाही हे तिला माहीत आहे, म्हणून तर ती माझ्याकडे आली. मी म्हटलं, "तुम्ही तिच्या झग्याच्या काठाशी बसत होता, युलोहियाबाई. काठ मी स्वतः शिवलाय."

ती म्हणाली, "म्हणजे नाहीत."

आणि कप खाली ठेवून गेली.

एर्सिलिया


शुक्रवार, ३ मार्च

लुस दारी,

मंडळाने मला बोलावलं. अध्यक्ष प्राक्सेदेसबाई, सचिव त्यांची चुलत बहीण, शिवाय फादर आन्सेल्मो कोपऱ्यात, हातावर हात ठेवून, जसं दंतवैद्याकडे बसावं. तीन जुन्या होत्या: रोसेन्दा, आल्बा लुसिया आणि बहिरी तेओदोरा. तू टाचण्या धरायचीस तेव्हा या तिघीही खोलीत असायच्या. रोसेन्दा तुझ्या वेण्या घालायची. आल्बा लुसिया तुला खिशातून बडीशेपेच्या गोळ्या द्यायची, आणि तुला एकदा टाचणी टोचली तेव्हा तेओदोराने स्वतःच्या तोंडात तुझं बोट घातलं होतं. नवी ती निदिया होती, अठ्ठावीसची, तिला लग्नच करायचं नाही म्हणे. मला ती बरी वाटते.

प्राक्सेदेसबाईंनी पुस्तक टेबलावर ठेवलं, पान एकशे बाराला मोरपीस घालून.

"पोरगी आत आली कशी, एर्सिलिया?"

मी म्हटलं, "दारातून."

"चेष्टा नको. ज्या बाईकडून खोलीतली गोष्ट बाहेर जाते, तिची किल्ली जाते. माझ्या आईच्या वेळेपासून हा नियम आहे. तू अडतीस वर्षं हे काम केलंस. तुझ्यासारखी चुणी कुणाला घेता येत नाही, हे मी तोंडावर सांगते. तुला काढायची माझी इच्छा नाही."

"मग काढू नका."

"म्हणून तर मार्ग शोधलाय," त्या म्हणाल्या. "पोर वांड होती. सगळ्या गावाला माहीत आहे, शाळेची खिडकी तिनेच फोडली होती. कपाटात लपली असेल. पडद्यामागे असेल. तू एवढंच लिहून दे की ती चोरून शिरली, तुला पत्ता नव्हता, आणि आता तिचा तुझा काही संबंध नाही. सतरा तारखेला, मातेच्या व्याकुळ शुक्रवारी, फादर ते वेदीवरून वाचतील. मग दार लावून आपण कामाला लागू."

मी तिघी जुन्यांकडे पाहिलं. रोसेन्दा स्वतःच्या चपलांकडे पाहत होती. आल्बा लुसिया खिडकीकडे. तेओदोराला ऐकू येत नाही, पण तीही खाली पाहत होती, म्हणजे तिला आधी समजावून ठेवलेलं होतं.

फादर म्हणाले, "घाई नाही. सतरा तारखेपर्यंत विचार करा."

"आणि नाही दिलं तर?"

प्राक्सेदेसबाई म्हणाल्या, "तर किल्ली इथे टेबलावर."

तर असं आहे. मी काय करू हे मी तुला विचारत नाही, कळवते आहे. ही किल्ली म्हणजे काय हे तुला बोगोतात बसून कळणार नाही, किंवा कळतंय आणि तुला पर्वा नाही. तार ऑफिस बंद झालं, माझं यंत्र कुणी तरी भंगारात नेलं. घरात जेवायला मी एकटी. वर्षातून सात वेळा मला वस्त्रं बदलायची असतात आणि उरलेले दिवस त्याच्या तयारीचे असतात. एवढंच आहे माझ्याकडे. अडतीस वर्षांत मी दुसरं काही मागितलेलं नाही.

तुझं पुस्तक परत वाचते आहे. एखादा दात दुखत असला की जीभ तिथेच जाते. पान त्रेपन्नवर तोमासाच्या भाचीकडे बारा रंगीत पेन्सिलींची पत्र्याची डबी आहे. अशी डबी तुझ्याकडे होती. आपल्या गावात त्या मिळत नव्हत्या. पुस्तकात पेन्सिली आहेत, त्या घेऊन येणारा माणूस मात्र नाही. कसं काय?

एर्सिलिया


शनिवार, ११ मार्च

लुस दारी,

तुझं पत्र मिळालं. अखेर. टंकलेखन केलंस, हे बरं, तुझं अक्षर मला आज पाहवलं नसतं.

आधी सोपं ते. तू लिहितेस, 'आत्या, सही करून टाक. मी चोरून शिरले असं लिही. मला इथे काही फरक पडत नाही, उलट चर्चमधून निषेध झाला तर प्रकाशक खूशच होईल.' म्हणजे माझ्या मानेवर सुरी ठेवलीय आणि तू म्हणतेस, दाब, रक्ताचा रंग मुखपृष्ठाला शोभेल. धन्यवाद.

मग लिहितेस, 'तोमासा म्हणजे तू नव्हेस, साहित्यात असंच असतं.' तसं असेल तर तिळाची जागा बदलायची होतीस. तेवढं तर साहित्यात चालत असेल.

आता दुसरं पान.

ते मी तीनदा वाचलं आणि मग मागच्या अंगणात जाऊन सगळे धुतलेले कपडे परत धुतले.

तू लिहितेस की तुला माहीत होतं. बासष्ट साली, व्याकुळ शुक्रवारी, मी मातेचा झगा उतरवताना तिला सांगत होते आणि तू बशी धरून माझ्या कोपराशी उभी होतीस. बाकीच्या पलीकडे पडदे झटकत होत्या. मला वाटायचं तू टाचण्या मोजते आहेस. तू लिहितेस, 'तू म्हणालीस, त्याने तारेवर विचारलं आणि मी तारेवरच नाही म्हटलं, कारण तो म्हणतो पोरीला नन्सच्या वसतिगृहात ठेवू. हे मी नऊ वर्षांची असताना ऐकलं. तोमासाला कुणी विचारलं असतं, तर तिने नाही का म्हटलं हे लिहावं लागलं असतं. मग मला ती मुलगी लिहावी लागली असती. मला ती लिहिता आली नाही, आत्या. म्हणून कुणी विचारलंच नाही असं केलं.'

म्हणजे पान चाळीस तू अजाणता लिहिलं नाहीस.

मी इतके दिवस स्वतःला समजावत होते, पोरीला काय माहीत, तिने ऐकीव म्हणणं उचललं, सगळे उचलतात. त्या समजुतीवर मी तुला अर्धी माफी दिली होती. ती अर्धी परत घेते.

तुला कळलंच आहे, तर आता नीट कळू दे. लिसान्द्रो तारांचा तपासनीस होता. तीन महिन्यांतून एकदा यायचा, खांब पाहायचा, आपल्या ओसरीवर कॉफी घ्यायचा, तुला पेन्सिली आणायचा. तारेवर ठोके द्यायचा प्रत्येकाचा हात वेगळा असतो. त्याचा हात मी पहिल्या अक्षराला ओळखायचे. त्याची दक्षिणेत पास्तोला बदली झाली. समोर बसून विचारायचं धाडस नव्हतं, म्हणून वरच्या ठाण्यावरून, दुपारी, तार मोकळी असताना लग्नाचं विचारलं. मी विचारलं, मुलगी? त्याने पाठवलं की पास्तोला त्याच्या आईचं घर लहान आहे, नन्सचं वसतिगृह चांगलं आहे, सुट्टीत तिला आणता येईल. मी एक शब्द पाठवला. त्याने 'मिळाला' असं पाठवलं, नियमाप्रमाणे.

तो वाईट माणूस नव्हता. त्याला पुढे दोन मुलगे झाले, मला कळलं. ते कसं कळलं ते सांगत नाही.

तू कधी ताट लोटलंस, कधी दार आपटलंस, सोळाव्या वर्षी 'तू माझी कोण लागतेस' म्हणालीस, तेव्हा 'तुझ्यासाठी मी नाही म्हटलं' हे वाक्य माझ्या दातांपर्यंत यायचं. मी ते प्रत्येक वेळी परत आत घेतलं. आपल्यामुळे कुणाचं काही गेलं, हे मुलीला कळता कामा नये, असं मी ठरवलं होतं. सत्तावीस वर्षं मी तुझ्यापासून जे लपवत होते, ते सगळा वेळ तुझ्या खिशात होतं.

आणि हेही ऐक. त्या तारेवर आमच्या दोघांच्या मध्ये तीन ठाणी होती. तीन माणसं कानाला यंत्र लावून बसली होती, त्यांनी माझं उत्तर ऐकलं. मी त्यांची तोंडं कधी पाहिली नाहीत. त्यांच्यापैकी एकानेही कुठे ब्र काढला नाही. त्या अनोळखी लोकांनी माझी लाज राखली.

शेवटी लिहितेस, मे महिन्यात दुसरी आवृत्ती निघते आहे, मी हो म्हटलं तर तू खरं ते लिहिशील. लिसान्द्रो, तार, वसतिगृह, सगळं. गावाला कळेल की एर्सिलियाला विचारलं होतं.

याचं उत्तर शुक्रवारनंतर.

एर्सिलिया


झावळ्यांचा रविवार, १९ मार्च

लुस दारी,

खाली चौकातून लोक झावळ्या घेऊन चाललेत. मी आज गेले नाही. फानीने येताना एक झावळी दाराला खोचून ठेवली. तिला आता गुंडाळून द्यायला काही उरलं नसावं.

शुक्रवारी तीन वाजता वस्त्रांच्या खोलीबाहेर सगळ्या जमल्या. प्राक्सेदेसबाईंनी कागद टंकून आणला होता. 'लुस दारी नावाची मुलगी, जिच्याशी माझा यापुढे कोणताही...' पुढे मी वाचलं नाही. खाली माझं नाव, वर रेघ, सहीसाठी.

फादर म्हणाले, "पेन हवं का?"

मी म्हटलं, "नको. ती चोरून शिरली नाही. मी तिला आणलं. हाताला धरून, याच दारातून. तीन वर्षं. टाचण्या धरायला."

प्राक्सेदेसबाईंचा चेहरा असा झाला की जणू मीच त्यांना फसवलं. त्या म्हणाल्या, "तुझ्या मनाने?"

"माझ्या मनाने."

"आणखी कुणाला माहीत होतं?"

तेव्हा रोसेन्दा रडायला लागली. हळू, नाकातून. आल्बा लुसियाने तिचा दंड धरला, आधार द्यायला की गप्प करायला, सांगता येत नाही. मला दोन शब्द बोलायचे होते, 'या तिघींना'. दोनच. बोलले असते तर किल्ली राहिली असती, कारण चौघींना काढलं तर मातेला नेसवणार कोण? प्राक्सेदेसबाईंनाही ते कळत होतं. त्या माझ्याकडे पाहत होत्या. मला वाटतं, मी बोलावं असंच त्यांना वाटत होतं.

मी म्हटलं, "मी एकटी आणायचे. बाकीच्या कामात असायच्या."

हे खोटं होतं. जन्मातलं माझं पहिलं नसेल, पण चर्चमध्ये बोललेलं पहिलं. यासाठी मला कुणी क्षमा करायची तर तो माझा आणि मातेचा प्रश्न आहे.

किल्ली टेबलावर ठेवली. ती निदियाला दिली गेली. मी तिला म्हटलं, "दोन्ही हातांनी फिरव, कुलूप अडतं." मग त्यांनी दार लावून घेतलं आणि मी पहिल्यांदा त्या दाराच्या या बाजूला उभी राहिले, फादरशेजारी. ते म्हणाले, "मला वाईट वाटतं, एर्सिलियाबाई." मी म्हटलं, "तुम्ही इथे दर वर्षी उभे असता, तुम्हाला सवय आहे."

साडेचारला निदिया धापा टाकत घरी आली. "बाई, मुकुट आधी काढायचा की रुमाल आधी बांधायचा? त्या तिघी तीन प्रकारे सांगतायत."

मी म्हटलं, "रुमाल."

"आणि पाठीमागची चुणी..."

मी तिला ओसरीवर उभं केलं, तिच्याच परकरावर चुणी घेऊन दाखवली, दोनदा. तिसऱ्यांदा तिने माझ्यावर घेतली. बरी घेतली. मग पळत गेली. काल संध्याकाळी मी चर्चमध्ये जाऊन पाहिलं. बुरख्याची डावी बाजू दोन बोटं खाली आली आहे. बाकी ठीक.

आता तुझं.

मी सही केली नाही ती तुझ्यासाठी, असं समजून बोगोतात रडत बसू नकोस. तुझ्याबद्दल मला अजून इतका राग आहे की तुझ्या खोलीतला पलंग मी काल बाहेर ओसरीवर काढून ठेवला आणि आज सकाळी पाठ धरली. तू माझ्याकडून जे ऐकलंस ते विकलंस, आणि जे विकायला लाज वाटली त्याच्या जागी माझा अपमान भरलास. हे मी विसरणार नाही. सही केली नाही, कारण तू दारातून आली होतीस. एका घरातल्या दोघींनीही तुझ्याबद्दल खोटं लिहायचं, हे मला जमलं नाही.

दुसऱ्या आवृत्तीबद्दल विचारलंस. त्या खुराड्याचं काय करायचं ते कर, ते छापून झालं, युलोहियाबाईंना कळून झालं. मातेची चौकट फळ्यांची नाही, देवदाराच्या आठ पट्ट्यांची आहे, एवढं दुरुस्त करता आलं तर कर. तिळाची जागा बदल.

पण पान चाळीसला हात लावू नकोस. तोमासाला कुणी विचारलं नाही, तेच राहू दे. अदालबेर्तोला तेच वाटू दे, प्राक्सेदेसबाईंना तेच वाटू दे, तुझ्या प्राध्यापकाला त्यात जो नवा अर्थ दिसतो तो दिसू दे. संतांना नेसवायला उरलेली म्हणतात, ते म्हणू देत. आता तर मी नेसवतही नाही. तू ते खरं करून छापलंस तर गाव माझ्याकडे वेगळ्या नजरेने पाहील, हे मला कळतं. मला ती नजर नको. किल्ली गेली, खोली गेली, त्या खोलीत मी काय बोलायचे तेही गेलं. ही एकच गोष्ट अजून कुणाच्या हातात पडलेली नाही, आणि तुझी लाज झाकायला का होईना, ती तूच पुस्तकाबाहेर ठेवलीस.

लिसान्द्रोने विचारलं ते मला. गावाला नाही, वाचकांना नाही, आणि तुलाही नाही.

एर्सिलिया